पोर पायांवर बसायची तो उन्हाळा

लग्नसराई लागली, की अजून माझ्या पावलांवर काहीतरी कोमट ओलं लागल्यासारखं होतं. हसा. आमच्या घरात सगळे हसतात. इंदू तर तोंडाला पदर लावून हसायची.

पत्रिका परवा आली. विमलच्या नातीचं लग्न, निफाडला, कुठल्याशा लॉनवर. विमल म्हणजे माझी मेहुणी, इंदूची धाकटी बहीण. आणि इंदू माझी बायको. ती गेल्या पावसाळ्यात गेली, पोळ्याच्या आधी. तिच्यावाचून ही पहिलीच लग्नसराई. विमल फोनवर म्हणाली, भाऊजी, अक्का नाही म्हणून तुम्ही पाय मागं घेऊ नका. मी येतो म्हटलं. संध्याकाळी सुजाताचा फोन. ही आमची मुलगी, एकुलती एक, आता तिचेही केस पिकलेत. तिचं म्हणणं, बाबा, ऊन फार आहे. तुम्हाला घडीघडी जावं लागतं. रस्त्यात कुठं थांबायचं, तिथं संडास कुठल्या कोपऱ्यात असेल, चारचौघांत काही झालं तर काय करायचं. तुम्ही घरीच थांबा, तुमचा आहेर मी पोचवते.

पोरगी काळजीनं बोलत होती. मला राग तिचा आला नाही. राग आला तो त्या वाक्याचा. बाहेर काही झालं तर, म्हणून घरीच थांबा. हे वाक्य मी आधी ऐकलेलं आहे, पुष्कळ तोंडांतून. तेव्हा ते माझ्यासाठी नव्हतं, सुजातासाठी होतं. ती दोन वर्षांची होती.

बहात्तरचा दुष्काळ मागं पडून दोन-तीन वर्षं झाली असतील. मी सातपूरला कारखान्यात लागलो होतो. शाळा माझी चौथीत सुटली, पण हातात काम होतं, वसाहतीत एक खोली होती. दुष्काळात लोकांनी पोरींची लग्नं लांबवलेली, ती सगळी त्या उन्हाळ्यात एकदम निघाली असं वाटायचं. दर आठवड्याला कुणाचं तरी बोलावणं. आज चांदोरी, पुढच्या रविवारी ओझर, मग येवल्याकडे. आणि नेमकं तेव्हाच सुजाताचं शी-शू शिकणं चाललेलं.

आता पोरांना प्लास्टिकचं भांडं असतं, बदकाच्या तोंडाचं. आमच्या वसाहतीत पहिलं बदक आलं तेव्हा सुजाता शाळेत जात होती. आधी भांडं नव्हतं, आईचे पाय होते. बाई पाटावर बसते, दोन्ही पावलं पुढं घेते, मध्ये वीतभर जागा. पोराची एक मांडी या पावलावर, दुसरी त्या पावलावर, पाठ नडगीला टेकलेली. खाली राख नाहीतर रद्दीचा कागद. मग बाई तोंडानं शूऽऽ करते. पोराला कळतं, पाय मिळाले म्हणजे आता करायचं. पाय नाहीत तोवर धरायचं. यापेक्षा चांगली रीत मला कुणी सांगितलेली नाही. पोर पडत नाही, घाबरत नाही, पाठीला माणूस असतं.

घरात हे ठीक होतं. बाहेर गेल्यावर पंचाईत. एकेका लग्नात बायका इंदूला सल्ले द्यायच्या. पोरीला सकाळपासून पाणी पाजू नको. शेजारणीकडं ठेवून ये. एकीनं तर अफूचा कण आणून दिला, चाटव म्हणाली, निजेल गप. इंदूनं तो तिच्यादेखत चुलीत टाकला. एकदा तिच्या आईनंच सांगितलं, पोरगी शिकेपर्यंत तू लग्नकार्यांना नको येऊस, बाळंतीण असल्यागत घरी बस थोडं. इंदू त्या दिवशी जेवली नाही. घरी आल्यावर म्हणाली, दीड वर्ष बसले घरात. आता नाही बसणार. पोरीला पण नाही बसवणार. घाण म्हणून बाहेर ठेवायचं ते लोकांनी आपल्याला केलंय की आधीच.

मी म्हटलं, मग कसं करायचं?

ती म्हणाली, "पाय काय मलाच आहेत का? बाहेर गेल्यावर पाय तुमचे."

तिनं मला खोलीत पाटावर बसवून शिकवलं. टाचा जवळ, चवडे लांब, गुडघे सैल. माझी पावलं राठ, कारखान्याच्या बुटांनी घट्टे पडलेली. सुजाता बसली आणि लगेच उठली, टोचलं असणार. इंदूनं माझ्या पावलांना आठवडाभर खोबरेल चोळायला लावलं. पुढच्या वेळी पोर टेकून बसली आणि वर मान करून माझ्याकडं बघितलं. पोरांचा तेव्हाचा चेहरा फार गंभीर असतो. जगात त्या वेळी दुसरं काहीच चाललेलं नसतं.

मग तो उन्हाळा माझ्या पायांवरून गेला. सोबत पत्र्याचा एक डबा, त्यात पाणी, काखेत रद्दी, खांद्यावर जुन्या लुगड्याची धडुती. सीबीएस स्टँडच्या मागच्या भिंतीला मी विटेवर बसायचो आणि पोरीला पायांवर घ्यायचो. गाड्या धूळ उडवत जायच्या. माणसं थबकून बघायची. बाई करते ते कुणाला दिसत नाही, पुरुषानं केलं की तमाशा. कारखान्यातला एक गडी तिथून चाललेला. दुसऱ्या दिवशी खात्यात माझं नाव 'आई' पडलं. ए आई, जेवायला चल. ए आई, पान्हा दे. मी ओ द्यायचो. मला काय, हाक मारली म्हणजे काम असणार.

एसटीचं तर विचारू नका. निफाडच्या वाटेवर गाडी खचाखच भरलेली, उन्हाळ्याच्या कांद्याचा वास, घामाचा वास, खिडकीच्या गजांना हात लावला तर चटका. बाहेर द्राक्षांच्या बागा एप्रिलच्या छाटणीनं उघड्या पडलेल्या, नुसत्या काटक्या तारेवर. सुजाता कानाशी म्हणाली, बाबा, पाय. तिला शू म्हणायचं नसायचं. ती पायच मागायची. मी उठून घंटीची दोरी ओढली. कंडक्टर पेटला. त्याचं म्हणणं, दोरी ओढणारे तुम्ही कोण आणि गाडी काय या पोरीसाठी थांबायची? मी म्हटलं, तुमच्या गाडीत करू का? तो म्हणाला, पोरीला धरून बसायला सांगा. मी म्हटलं, दादा, ती दोन वर्षांची आहे, तुम्ही किती वर्षांचे आहात, तुम्ही तरी धरता का स्टँड येईस्तोवर? मागं सुरगाण्याकडच्या आदिवासी बायका होत्या, बागेच्या कामाला निघालेल्या, पाट्यांवर बसलेल्या. त्यांना माझी निम्मी भाषा कळली असेल नसेल, पण हे कळलं. सगळ्या हसायला लागल्या. गाडी थांबली. मी बाभळीखाली बसलो, उभ्या गाडीच्या सगळ्या खिडक्यांतून डोकी बाहेर. इतक्या लोकांपुढं पोरीनं काहीच केलं नाही. मी म्हटलं, बघू नका हो, वळा तिकडं. आणि खरं सांगतो, सगळी गाडी दुसरीकडं वळली. कंडक्टरसुद्धा.

माणसांना सांगावं लागतं. सांगितलं तर पुष्कळ जण वळतात.

वैशाखी पौर्णिमेला आम्ही पांडवलेण्यावर गेलो. सगळी वसाहत पांढऱ्या कपड्यांत पायऱ्या चढत होती. ऊन कपड्यांवर पडून डोळे दिपत होते. अर्ध्या वाटेत पोरीनं पाय मागितले. मी पायऱ्या सोडून आडबाजूला गेलो, कागद अंथरला, बसलो. या खेपेला मोठं काम होतं. आमच्यातलेच एक शिकलेले गृहस्थ, खिशाला पेन लावलेले, वरून उतरत होते. ते थांबले. आवाज खाली आणून म्हणाले, अहो, निदान इथं तरी नको. दुसरे लोक बोट दाखवायला टपलेलेच असतात, आपली माणसं घाण करतात म्हणून.

त्या माणसाचं मला वाईट वाटलं. तो वाईट नव्हता, भ्यालेला होता. आमच्या आईबापांना घाण म्हणून गावाबाहेर ठेवलेलं. मग धर्म घेतला आणि पांढरं घातलं. लग्नात नवरी पांढऱ्या साडीत, नवरा पांढऱ्या सदऱ्यात, बैठकीवर पांढरी चादर, म्हाताऱ्यांची धोतरं निळीत बुडवून कडक केलेली. एक डाग पडला तरी आमच्या माणसांचा जीव खाली-वर व्हायचा. डाग पडला तर ते लोक म्हणतील, बघा, आम्ही म्हणत होतो. मला ते सगळं समजतं. मी पण पांढराच सदरा घालतो. पण ती भीती उचलून दोन वर्षांच्या पोरीच्या अंगावर टाकायची, हे मला तेव्हा पटलं नाही आणि आताही पटत नाही. पोरगी घाण नव्हती. ती शिकत होती. मी त्यांना म्हटलं, साहेब, झालं की कागदासकट खाली नेतो आणि पुरतो, तुम्ही पुढं व्हा. नेलं. पुरलं. हात धुतले आणि पुन्हा सगळ्या पायऱ्या चढून वंदनेला बसलो. इंदूनं माझ्यासाठी जागा धरून ठेवली होती.

आता विमलच्या लग्नाचं सांगतो. त्या उन्हाळ्याच्या शेवटाकडचं लग्न, विंचूरला, इंदूच्या माहेरी.

घरापुढं मांडव, मांडवाच्या कडेला कांद्याचे ढीग तसेच, वर पोती टाकलेली. वऱ्हाड सकाळीच आलेलं. नवऱ्या मुलाचे मामा म्हणजे बडं प्रस्थ, तालुक्याला कचेरीत होते. बुटांना धूळ लागू नये म्हणून ते बैलगाडीतून मांडवाच्या दारापर्यंत आले होते. त्यांना बैठकीवर लोडाशी बसवलं. विधी लावणारे अजून यायचे होते. ऊन चढलं. मामांनी गुडघे वर घेतले, पावलं पुढं टेकवली, डोळे मिटले.

इंदू आत विमलला साडी नेसवत होती. मी विहिरीवरून पिंपात पाणी भरत होतो. सुजाताला लागली. तिनं मला शोधलं असणार. गर्दीत सगळे उभे, धोतरं, पायजमे, वहाणा. बसलेले, पुढं आलेले, मध्ये वीतभर जागा ठेवलेले पाय मांडवात एकाच माणसाचे होते.

मी घागर घेऊन आलो तर पोर मामांच्या पायांवर बसलेली. फ्रॉक व्यवस्थित वर धरलेला. पाठ त्यांच्या नडगीला टेकलेली. तोच गंभीर चेहरा. मी धावेपर्यंत झालं होतं. मामांना आधी ऊब लागली असेल, ते झोपेत जरा हसले. मग जागे झाले.

ते किंचाळले नाहीत, पण पाय असे झटकले की पोर चादरीवर पडली. रडली नाही, नुसती माझ्याकडं बघत राहिली, की हे पाय असे कसे. पांढऱ्या धोतरावर मोठा पिवळा डाग. मामा म्हणाले, कुणाची आहे ही? आई कुठं आहे हिची? इंदू आतून आली. मामांनी सांगितलं, आधी पोरीच्या दोन थोबाडीत द्या, म्हणजे जन्मात विसरणार नाही. आणि तुम्ही माझे पाय धरून माफी मागा. तोवर आमचा मुलगा उभा राहणार नाही.

सासऱ्यांचा चेहरा मातीसारखा झाला. लेकीचं लग्न मांडवात अडलेलं. ते इंदूला म्हणाले, "इंदे, धर की बाई पाय. लय ताणू नको. काय जातंय आपलं?"

इंदूनं पोरीला उचलून कडेवर घेतलं. मी तिच्याशी कितीतरी भांडलो असेन आयुष्यात, पण त्या वेळी ती जशी उभी होती तशी मला रोज आठवते. केस सुटलेले, हातात विमलच्या साडीच्या पिना. ती म्हणाली, "मामा, ही परक्याच्या पायावर बसत नाय. तुम्हाला घरचं समजली. हिला मी पाय बघून बस म्हणून शिकवलंय, ती तशीच बसली. मग मारू कशापायी?"

मामा म्हणाले, जीभ फार आहे.

मग मी पुढं झालो. हातात भरली घागर होतीच. मामांच्या पुढ्यात उकिडवा बसलो आणि म्हटलं, "माझ्या पोरीनं पाय भिजवले, मी ते धुऊन देतो. धोतर पण धुऊन देतो. पण पाय धरणार नाही. मी बी नाही आणि माझी बायको बी नाही."

आणि धुतले. मामा 'अहो, अहो' करत राहिले, पण पाय मागं घ्यायला मागं लोड होता. मी टाचा धुतल्या, बोटांच्या बेचक्या धुतल्या, घाई केली नाही. मला सवय होती. सगळं वऱ्हाड बघत होतं. कुणाला कळेना, हा मान चाललाय की अपमान.

तेव्हा आतून हसू आलं. नवरीचं. विमल अर्धी साडी नेसलेली, दाराच्या फटीतून बघत होती आणि तिला हसू आवरेना. नवरीनं त्या काळी मान वर करायची नाही, आणि ही खळखळून हसत होती. मग आतल्या बायका. मग वऱ्हाडातल्या बायका. मग नवरा मुलगा, तो खांबाला धरून वाकला होता. मामांची स्वतःची आई, वाकलेली म्हातारी, कोपऱ्यातनं म्हणाली, "लहानपणी तू पण माझ्या पायावरच बसायचास रं. आता कुणाचं तरी तुझ्यावर बसू दे." मांडवात कुणी उभं राहण्याच्या स्थितीत नव्हतं. एकटे मामा धुतलेले पाय पुसत होते. पण विधी लावणारे आले आणि त्यांनी काही न विचारता नवरा-नवरीला उभं केलं. मामा माझ्या दुसऱ्या पायजम्यात लग्नाला उभे राहिले. धोतर दोरीवर वाळत होतं.

विमलला त्या हसण्याबद्दल सासरी पुष्कळ दिवस ऐकावं लागलं. ती अजून सांगते, भाऊजी, मी त्या घरात हसत शिरले म्हणून टिकले.

पुढं ओझरचं बोलावणं आलं, त्यासोबत निरोपही आला. या जरूर, पण लहानगीला घरी ठेवा. गोष्ट आमच्या आधी गावोगाव पोचली होती. इंदूनं निरोप ऐकून घेतला. तोवर ती पोरीला गडद फ्रॉक घालायची, डाग दिसू नये म्हणून. त्या रात्री तिनं स्वतःच्या पांढऱ्या साडीचा काठाकडचा भाग कापला आणि पोरीला फ्रॉक शिवला, पांढराशुभ्र. आम्ही तिघं पांढऱ्यात गेलो. कुणी काही बोललं नाही. बोललं असतं तर इंदूनं तयारी ठेवलेली होती, मला माहीत आहे. परतताना तिला जरा चुकल्या-चुकल्यासारखंच झालं होतं.

मग पाऊस पडला आणि पोर शिकली. एका सकाळी आपली आपण उठून मोरीत गेली. मी सवयीनं पावलं पुढं करून बसलो होतो. तिनं बघितलं आणि शेजारून निघून गेली. इंदू म्हणाली, सुटलात. मला सुटल्यासारखं वाटलं नाही. बराच वेळ मी तसाच बसून राहिलो, टाचा जवळ, चवडे लांब.

गेल्या वर्षी इंदू अंथरुणाला खिळली तेव्हा नात्यातले म्हणाले, एखादी बाई ठेवा, हे पुरुषाचं काम नव्हे. मी म्हटलं, मला येतं. पहिले काही दिवस ती भिंतीकडं तोंड करायची. लाजायची माझ्यासमोर, इतक्या वर्षांनी. मी तिला बोललो, जोरातच बोललो, की या घरात कुणी कधी लाजवलेलं नाही आणि तू लाजायचं नाही. मग ती वळली. नंतर शेवटपर्यंत वळूनच होती. धुणं, पुसणं, उचलणं, सगळं मी केलं. मला कुणाकडून शिकावं लागलं नाही, तिनंच शिकवून ठेवलेलं होतं. आता ही लग्नसराई आणि माझ्यासाठी जागा धरून ठेवणारं कुणी नाही. लॉनवर खुर्च्या पुष्कळ असतील, तो भाग वेगळा.

पांढरा सदरा काल धुतला. नीळ जास्त झाली, आभाळासारखा दिसतो. ती असती तर बोलली असती. तसाच घालणार आहे.

आज सुजाताला फोन लावला. म्हटलं, मी येणार आहे निफाडला. मला जिथं लागेल तिथं गाडी थांबवायची. झाडामागं जाईन, ढाब्यावर जाईन, लॉनवर गेल्या गेल्या विचारून घेईन. काही झालंच तर दुसरा पायजमा पिशवीत असेल.

ती म्हणाली, बाबा, लोक बघतात.

म्हटलं, बघू दे. वळा म्हणून सांगेन. "तुझ्या आईनं तुला एकदाही घरी ठेवलं नाही, सुजाता. भर लग्नसराईत नाही ठेवलं. आणि तू मला ठेवतेस?"

पलीकडं तिनं नाक ओढलं.

"सकाळी लवकर येते न्यायला," ती म्हणाली. "तयार राहा. आणि निघायच्या आधी चहा घेऊ नका."

"चहा घेऊनच निघणार मी," म्हटलं. "तू पण ये प्यायला."